इगतपुरीची वेस

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून वर्ध्याकडे येणारी गाडी इगतपुरीला थांबली की लवकर हलत नसे. कसाऱ्याचा घाट चढून आलेले इंजिन सुटे व्हायचे आणि बाजूच्या रुळावर जायचे. दुसरे इंजिन हळूहळू मागे येत डब्यांना भिडायचे आणि त्या धक्क्याने वरच्या बाकावर झोपलेल्यांनाही जाग यायची. घाट संपला म्हणून इंजिन बदलतात, असे पुष्कळ प्रवासी समजत. घाटासाठी मागून लावलेली इंजिने इथे काढत, हे खरेच होते. पण पुढचे इंजिन बदलण्याचे कारण डोक्यावरच्या तारेत होते. इगतपुरीच्या मुंबईकडच्या बाजूला तारेत १५०० व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह होता. मनमाड-भुसावळ-वर्ध्याच्या बाजूला २५ हजार व्होल्टचा, सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारा प्रवाह होता. एका तारेसाठी बनवलेले इंजिन दुसऱ्या तारेखाली नेले असते तर चाललेच नसते, उलट जळून जाण्याची भीती होती.

एकाच देशाच्या एकाच रेल्वेमार्गावर ही वेस का पडली, हे समजून घेतले की विजेच्या दोन मुख्य प्रकारांचा इतिहास समजतो. त्यातला मोठा भाग तर महाराष्ट्रातच घडला आहे.

आधी विजेबद्दल थोडे. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेत असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे असतात. त्यांना एका बाजूने रेटा मिळाला की ते सरकू लागतात, आणि हे सरकणे म्हणजेच विद्युत प्रवाह. रेटा व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये. इलेक्ट्रॉन स्वतः फार सावकाश सरकतात, सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा नाही. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण तार इलेक्ट्रॉननी आधीच भरलेली असते. विहिरीवरची मोटार सुरू करताच भरलेल्या पाइपच्या दुसऱ्या तोंडाला लगेच पाणी पडते, तसेच हे. रेटा कायम एकाच बाजूने असेल तर तो दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी. रेट्याची बाजू सतत उलटसुलट होत असेल तर प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी. एसीत इलेक्ट्रॉन कुठे जातच नाहीत. जागच्या जागी पुढे-मागे हलतात आणि त्या हलण्यातूनच ऊर्जा शेकडो किलोमीटर पोचते.

माणसाच्या हाती पहिल्यांदा आला तो डीसी. १८०० साली इटलीतल्या व्होल्टाने जस्त आणि तांब्या-चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून पहिली बॅटरी केली. १८३१ मध्ये फॅरेडेने दाखवले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. चुंबक फिरवत ठेवला की ही वीज आपोआप दिशा बदलत राहते, म्हणजे फिरत्या यंत्रातून निघणारी वीज मुळातच एसी. पण त्या काळी दिशा बदलणाऱ्या विजेचे करायचे काय, हे कुणालाच उमगत नव्हते. म्हणून यंत्रावर ब्रश आणि कम्युटेटर बसवून ती एका दिशेची करून घेत.

एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीजपुरवठा सुरू केला, तोही ११० व्होल्टचा डीसीच. दिवे उत्तम लागले, पण वीजघरापासून मैल-दीड मैलापलीकडे ती वीज परवडेनाशी झाली. त्यामागचा हिशेब सगळ्या वीजव्यवस्थेच्या मुळाशी आहे. तार तापून वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की नुकसान चौपट, दसपट झाला की शंभरपट. हजार किलोवॅट वीज २५० व्होल्टवर न्यायची तर ४००० अँपिअर लागतात, २५ हजार व्होल्टवर न्यायची तर फक्त ४०. त्याच तारेतले नुकसान त्यामुळे दहा हजारपट घटते. म्हणून वीज दूर न्यायची तर व्होल्टेज चढवले पाहिजे आणि घरापाशी ते पुन्हा उतरवले पाहिजे. हे काम करणारे साधे, न हलणारे यंत्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. गावात डीपीवर बसलेले रोहित्र ते हेच. ते फक्त एसीवर चालते, कारण बदलत्या चुंबकत्वाशिवाय शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होत नाही.

या एका यंत्रामुळे एडिसनचा डीसी आणि प्रतिस्पर्ध्यांचा एसी यांच्यातल्या लढाईचा निकाल लागला. १८८८ मध्ये टेस्लाला एसी मोटारीची पेटंटे मिळाली आणि वेस्टिंगहाउस कंपनीने ती घेतली. १८९६ च्या नोव्हेंबरात नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली, तेव्हा एडिसनचा पक्ष हरल्यातच जमा होता.

मुंबईत या घडामोडींचा प्रतिध्वनी उमटायला फार वर्षे लागली नाहीत. गिरण्या कोळशावर चालत आणि तो कोळसा बंगालमधून किंवा परदेशातून येई. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली होती. हिंगणघाट-वर्ध्याच्या कापसाच्या मुलखात गिरणी काढणाऱ्या या माणसाला इंधनाचा खर्च तोंडपाठ होता. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात कोसळणारे पाणी अडवून त्याची वीज करायची, ही कल्पना त्यांचीच. १९०४ मध्ये ते गेले. १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवट्याचे पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली सोडायचे, त्याने चक्रे फिरवायची आणि तयार होणारी वीज १ लाख व्होल्टवर चढवून सुमारे ७० किलोमीटर दूर परळला न्यायची, अशी ती योजना होती. एवढ्या अंतरावर इतकी वीज नेणे त्या काळच्या डीसीच्या आवाक्यातले नव्हते. मुंबईच्या गिरणगावाची वीज पहिल्या दिवसापासून एसी होती ती म्हणूनच.

मग १० वर्षांनी, वीज एसी असताना, रेल्वेने डीसी का निवडला?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने विजेवरची पहिली गाडी निघाली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला निरोप दिला. तारेत १५०० व्होल्टचा डीसी होता. रेल्वेला जी मोटार हवी होती ती त्या काळात मुख्यतः डीसीचीच मिळत होती. स्थिर उभी असलेली शेकडो टनांची गाडी हलवायला सुरुवातीलाच प्रचंड जोर लागतो, आणि डीसीची सिरीज मोटार नेमकी तिथेच सर्वांत ताकदवान असते. वेग वाढला की तिचा जोर आपोआप कमी होतो. साधे रोध तारेत घालून किंवा काढून तिचा वेग आवरता येतो. त्या काळची साधी एसी मोटार एकाच वेगाने फिरायला तयार असे, पण थांबून पुन्हा जोराने निघायला नाखूश. एसी आणून त्याचा डीसी करायला रेल्वेने मार्गालगत उपकेंद्रे बांधली. सुरुवातीला हे काम फिरती यंत्रे करत, पुढे पाऱ्याच्या वाफेवर चालणारे रेक्टिफायर आले. निर्णय चुकला असे मला वाटत नाही. १९२५ मध्ये हातात असलेल्या साधनांनी दुसरे काही करणे शहाणपणाचे झाले नसते.

घाट तर डीसीनेच जिंकला. १९२९-३० पर्यंत तारा एका बाजूने भोर घाट चढून पुण्याला आणि दुसऱ्या बाजूने थळ घाट चढून इगतपुरीला पोचल्या. दोन्ही घाटांत सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, आणि वाफेची इंजिने तिथे दमून जात. स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बनलेली नवी मालगाडीची इंजिने दोन्ही टोकांना बुटकी नाके असलेली होती, चाकांना जोडदांडे होते आणि चालताना ती विचित्र कण्हत. कर्मचाऱ्यांनी त्यांचे नाव खेकडा ठेवले. हे खेकडे घाट उतरताना आपल्या मोटारी उलट्या कामाला लावून वीज तयार करत आणि ती तारेत परत सोडत. खाली येणाऱ्या गाडीची वीज वर जाणाऱ्या गाडीला उपयोगी पडे. १९३० च्या १ जूनला दख्खनची राणी ही गाडी याच विजेवर मुंबई-पुणे मार्गावर धावू लागली.

आणि तार इगतपुरीला थांबली. पुढे पठार होते, सपाट होते, वाफेवर भागत होते. १५०० व्होल्टवर मोठी गाडी ओढायची तर हजारो अँपिअर प्रवाह लागतो, तारा जाड लागतात आणि दर काही किलोमीटरवर एक उपकेंद्र उभारावे लागते. मुंबईच्या उपनगरांत गाड्यांची इतकी गर्दी की हा खर्च निघे. अकोला-बडनेरा-पुलगाव-वर्धा या पट्ट्यात तो निघण्यासारखा नव्हता. त्यामुळे पुढची जवळजवळ साठ वर्षे या पट्ट्यात वर्ध्याची गाडी आधी वाफेवर आणि मग डिझेलवर धावली.

त्याच वर्षांत वर्ध्यात विजेबद्दल एक वेगळाच विचार चालू होता. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. तिथे घाण्यावरच्या तेलाने जळणारा मगन दीप तयार झाला, कारण खेड्याच्या उजेडासाठी रॉकेलवर परदेशाकडे पैसा जाऊ नये. गांधीजींचा यंत्रालाच विरोध होता असे सरसकट म्हणतात. पण जून १९३५ मध्ये, मगनवाडीतच राहत असताना, 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिले की खेड्यातल्या प्रत्येक घरी वीज पोचली आणि माणसांनी आपली अवजारे त्यावर चालवली तर माझी हरकत नाही. अट एकच होती: वीजघराची मालकी गावाची किंवा राज्याची असावी, जशी गायरानाची असते. वीज कुठल्या प्रकारची असावी यापेक्षा ती कुणाची असावी हा प्रश्न त्यांनी मांडला. आज इथून मागे पाहताना मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेला पुन्हा ठरवावे लागले. दरम्यान फ्रान्समध्ये रेल्वेने नवी वाट काढली होती. वीज कंपनी देते तोच सेकंदाला ५० आवर्तनांचा एसी २५ हजार व्होल्टवर थेट तारेत सोडायचा, आणि तो उतरवून डीसी करण्याचे काम इंजिनाच्या पोटातच करायचे. ३७५० किलोवॅटचे इंजिन १५०० व्होल्टवर अडीच हजार अँपिअर मागते, २५ हजार व्होल्टवर सुमारे दीडशे. तार बारीक झाली, उपकेंद्रांमधले अंतर पन्नास किलोमीटरच्या घरात गेले. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने हीच पद्धत स्वीकारली आणि १९५९ च्या डिसेंबरात, आज झारखंडात असलेल्या राजखरसावां भागात पहिली एसी गाडी धावली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशी तार इगतपुरी ते भुसावळ पट्ट्यात आली, आणि वेस पडली ती तेव्हा. पश्चिमेला ४० वर्षांची जुनी पण घट्ट बसलेली व्यवस्था, पूर्वेला नवी. भुसावळच्या पुढे वर्ध्यापर्यंत आणि नागपूरपर्यंत तार यायला १९९० उजाडले. याच सुमाराला नागपूरच्या अजनीत इलेक्ट्रिक इंजिनांची शेड उभी राहिली.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एसी तारेखालून धावणाऱ्या त्या इंजिनांच्या चाकांना फिरवणाऱ्या मोटारी डीसीच्याच होत्या. छतावरच्या, तारेला टेकणाऱ्या पँटोग्राफमधून एसी आत येई, ट्रान्सफॉर्मर तो उतरवे, रेक्टिफायर त्याला एका दिशेचा करी आणि मग तो चाकांपाशी जाई. म्हणजे तारेत एसी जिंकला तरी चाकापाशी डीसीच राबत होता. १९९६ नंतर आलेल्या इंजिनांनी तेही उलटवले. त्यांच्यात एसीचा डीसी होतो, आणि इलेक्ट्रॉनिक साधनांनी त्या डीसीचा पुन्हा हव्या त्या आवर्तनांचा तीन फेजचा एसी होतो. टेस्लाची मोटार शंभर वर्षांनी रेल्वेच्या चाकाला जोडली गेली, कारण आता तिला हवा तसा वेग देता येत होता. अजनीच्या शेडमधून सुटणारी आजची इंजिने याच जातीची आहेत.

इगतपुरीची वेस पुसायला बराच काळ गेला. १९९७ नंतर मध्य रेल्वेवर दोन्ही तारांखाली चालणारी, भेल कंपनीने बनवलेली इंजिने आली आणि इंजिन बदलण्याचा वेळ वाचू लागला. २००६ मध्ये कसारा-इगतपुरी पट्ट्यातली तार एसी झाली. मग बदल टप्प्याटप्प्याने मुंबईकडे सरकत गेला. रोजच्या लाखो प्रवाशांची वाहतूक न थांबवता, रात्रीच्या काही तासांत तारा, खांबांवरचे इन्सुलेटर, सिग्नल, पुलांखालची अंतरे, सगळे बदलायचे होते. ज्या ठिकाणी दोन प्रवाह भेटत तिथे तारेचा काही मीटरचा तुकडा मुद्दाम वीजरहित ठेवलेला असे. लोकल तिथून जाताना दिवे-पंखे क्षणभर बंद पडत आणि गाडी आपल्या वेगाने पुढे घरंगळे. २०१५ च्या जूनमध्ये मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग पूर्ण एसी झाला आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्ग. शेवटची डीसी लोकल कुर्ला ते सीएसटी (पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस) धावली, म्हणजे जिथून ९१ वर्षांपूर्वी सुरुवात झाली होती त्याच रुळांवर.

रेल्वेत डीसी मावळत असताना विदर्भात तो वेगळ्या रूपाने उगवत होता.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. १९७४ मध्ये कोराडीचा आणि १९८३ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा इथेच जाळायचा आणि वीज पश्चिमेला पाठवायची, हे धोरण पक्के झाले. पण चंद्रपूर ते मुंबई हे अंतर एसीला जड जाते. लांब तार स्वतःच एखाद्या साठवण-यंत्रासारखी वागते. प्रत्येक आवर्तनात ती भरते आणि रिकामी होते, आणि वाहून नेण्याची बरीच क्षमता त्यातच खर्ची पडते. शिवाय दोन्ही टोकांची यंत्रे एकाच तालात ठेवणे अवघड होते. डीसीत हे दोन्ही प्रश्न नाहीत, आणि तीनऐवजी दोनच तारांत काम भागते. अडचण फक्त टोकांची. एसीचा डीसी आणि डीसीचा पुन्हा एसी करणारी केंद्रे फार महाग असतात. अंतर सहा-सातशे किलोमीटरच्या पुढे गेले की तारेतली बचत त्या खर्चावर मात करते.

१९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातले पडघे अशी ७५२ किलोमीटरची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी सुरू झाली. क्षमता १५०० मेगावॅट. एडिसनच्या वीजघरातला डीसी मैल-दीड मैलाच्या पलीकडे जाऊ शकला नव्हता, आणि हा राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे गेला. फरक थायरिस्टरने केला. सिलिकॉनच्या या चकत्या एकावर एक रचलेले मनोरे मोठ्या बंदिस्त सभागृहात उभे असतात आणि दर आवर्तनात नेमक्या क्षणी प्रवाहाला वाट देतात किंवा रोखतात.

त्याच्या साधारण वर्षभर आधी, चंद्रपूर जिल्ह्यातल्याच भद्रावतीला याहून विलक्षण यंत्रणा बसली होती. तिथे डीसीची लांब तार नाहीच. एसी एका बाजूने आत येतो, एकाच आवारात त्याचा डीसी होतो आणि लगेच दुसऱ्या बाजूने एसी होऊन बाहेर पडतो. पश्चिम आणि दक्षिण भारताची जाळी त्या काळी वेगवेगळ्या तालात चालत होती. दोन्ही एसी जाळी थेट जोडली असती तर कोसळली असती. डीसीला ताल नसल्यामुळे मध्ये त्याचा तुकडा घातला की वीज दोन्हीकडे जाऊ शकते. १ हजार मेगावॅटपर्यंत वीज अशी रामगुंडमकडे किंवा तिकडून इकडे जाऊ लागली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दोन्ही जाळी एका तालात आणली. आता वर्ध्याजवळच्या पॉवरग्रिड कंपनीच्या ७६५ किलोव्होल्टच्या उपकेंद्रातून रायपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि निजामाबादकडे एसी वाहिन्या जातात. देशाच्या वीजजाळ्याचा एक मोठा चौक वर्ध्यात आहे.

या सगळ्याचा वर्धा जिल्ह्याला काय लाभ झाला, याचे उत्तर मला सरळ देता येत नाही. गाड्या वेगवान झाल्या, धूर गेला, कारखान्यांना वीज मिळाली. पण २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत डोक्यावरून हजारो मेगावॅट जात असताना खाली देवळी-आर्वीच्या खेड्यांत तासन्‌तास लाइन नसे. राख विदर्भाच्या वाट्याला, पाणी विदर्भाचे, उष्मा विदर्भाचा, आणि पहिला हक्क मात्र दूरच्या शहरांचा. शेतीपंपाच्या थ्री फेजची वेळ आजही अनेक ठिकाणी आलटून पालटून येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कपाशीला, गव्हाला पाणी द्यायला शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जातो, साप-विंचवाच्या भीतीने पाय टाकतो. डीपी जळाली तर नवी येईपर्यंत पीक वाळते.

आता दिवसा वीज देण्यासाठी सूर्याकडे वळणे सुरू झाले आहे. सौर पॅनेलमधून निघतो तो डीसीच. शेतातल्या एकट्या सौरपंपावर तो कंट्रोलरमार्फत थेट मोटारीला जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, २०१७ पासून, गावाजवळच्या मोकळ्या जमिनीवर पॅनेलची शेते उभी राहतात. इन्व्हर्टर तिथल्या डीसीचा एसी करतो आणि जवळच्या उपकेंद्रातून शेतीच्या फीडरवर सोडतो. वीज ७५२ किलोमीटर न्यावी लागत नाही, पाच-दहा किलोमीटरमध्ये काम भागते. या प्रकल्पांसाठी अनेक गावांत गायरानाची जमीन दिली जात आहे. ती भाडेपट्ट्याने खासगी विकासकांकडे जाते, आणि वीजघर त्यांच्याच मालकीचे राहते.